लेनमध्ये मोटरसायकल नेमकी कुठे ठेवायची? या चुका टाळा

गाडी हातात देताना घरातलं कुणीतरी सांगतंच, "कडेकडेनं जा रे, मोठ्या गाड्यांच्या वाटेला जाऊ नकोस." सांगणाऱ्याच्या पोटात माया असते. पण मोटरसायकलवाल्यानं हा सल्ला अक्षरशः पाळला, तर रस्त्यावरची सगळ्यात बेभरवशाची पट्टी त्याच्या वाट्याला येते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली आणि त्यांतली साधारण ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट, वेग, दारू यांवर आपण बोलतो, आणि बोललंच पाहिजे. लेनच्या आत गाडी कुठे ठेवायची, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. लायसन्ससाठी आठचा आकडा काढून दाखवला की शिकणं संपतं.

हायवेची एक लेन साडेतीन मीटर रुंद असते आणि आपलं हँडल पाऊण मीटरच्या आसपास. म्हणजे लेनच्या आतच डावी-उजवीकडे सरकायला आपल्याला जागा आहे, जी कारवाल्याला नाही. लेनचे तीन भाग डोळ्यांसमोर आणा: कारची डावी चाकं जिथून जातात ती डावी चाकोरी, उजवी चाकं जातात ती उजवी चाकोरी आणि दोन्हींमधला पट्टा. यांतलं कुठे राहायचं हे दर थोड्या अंतरानं नव्यानं ठरवायचं असतं. मला पुढचं दिसतंय का, मी इतरांना दिसतोय का, आणि काही आडवं आलंच तर सरकायला जागा आहे का, एवढं पाहायचं.

चूक: पांढऱ्या पट्टीला चिकटून चालवणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, म्हणून हिच्यावर जरा थांबू.

रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो. पावसाचं पाणी कडेला येतं, त्याबरोबर वाळू आणि बारीक खडी येते, आणि डांबर आधी तिथंच उखडतं. पट्टीच्या पलीकडे साईडपट्टी कित्येक ठिकाणी वीतभर खाली गेलेली असते. हे झालं जमिनीचं. आता माणसांचं बघा. प्रवासी दिसला की रिक्षा ब्रेक मारते ती कडेला. उभ्या कारचं दार उघडतं ते कडेला. पेट्रोल पंप आणि धाब्यातून गाड्या बाहेर येतात त्या कडेनं. आणि हायवेवर पुढच्या कटपर्यंत वळसा नको म्हणून राँग साईडनं येणारा दुचाकीवाला नेमका याच पट्ट्यातून समोर येतो, पुष्कळदा रात्री, हेडलाइट न लावता.

त्यातून आणखी एक गोष्ट घडते. तुम्ही कडेला गेलात की मागच्या कारवाल्याला वाटतं, याच लेनमधून आपणही निघून जाऊ. तो तुमच्या कोपराला घासून पुढे जातो. त्या क्षणी डावीकडे खडी आणि उजवीकडे कार, सरकायला जागाच उरत नाही. उलट तुम्ही चाकोरीत असलात तर ओव्हरटेक करायला त्याला रीतसर लेन बदलावी लागते.

म्हणून वाहतुकीच्या वेगानं चालला असाल तर उजवी चाकोरी धरा. स्कूटर किंवा शंभर सीसीची गाडी सावकाश चालवत असाल तर डावी चाकोरी ठीक आहे, पण पांढऱ्या पट्टीपासून निदान मीटरभर आत. गाड्या उभ्या असतील तिथे दाराएवढं अंतर सोडा. कायदा डावीकडून चालवायला सांगतो. तो रस्त्याच्या डाव्या बाजूबद्दल बोलतो, डांबराच्या शेवटच्या वितीबद्दल नाही.

चूक: परदेशी व्हिडिओतला सल्ला जसाच्या तसा उचलणं

इंटरनेटवर मोटरसायकल शिकवणारे पुष्कळ व्हिडिओ अमेरिकेतले आहेत आणि त्यांतले काही खरोखर उत्तम आहेत. ते लेनच्या डाव्या भागात राहायला सांगतात, कारण तिथे वाहतूक उजवीकडून चालते, ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि समोरची वाहनं डाव्या हाताला असतात. आपल्याकडे सगळं उलटं आहे. तिथलं डावं म्हणजे इथलं उजवं. वळणांबद्दलचा सल्ला ऐकतानाही हीच अदलाबदल करा. ब्रिटन, ऑस्ट्रेलियातलं शिक्षण मात्र आपल्याला तसंच्या तसं लागू पडतं, कारण तेही डावीकडून चालवतात.

चूक: सिग्नलला आणि टोल नाक्यावर मधल्या पट्ट्यात थांबणं

वाहनं जिथे थांबून राहतात तिथे इंजिनाखालून ऑइल आणि डिझेल ठिबकतं, ते लेनच्या मधोमध. उन्हाळ्यात तो काळा डाग दिसतो, जूनच्या पहिल्या सरीत दिसत नाही. ऑइल पाण्यावर तरंगतं आणि टेकवलेला पायच सटकतो. थांबायचं असेल तर चाकोरीत थांबा. पावसात एकूणच चाकोरी बरी, कारण पुढच्या गाडीच्या टायरनं तिथलं पाणी बाजूला सारलेलं असतं. पांढऱ्या पट्ट्या, गटाराची लोखंडी झाकणं आणि पुलाच्या सांध्याच्या लोखंडी पट्ट्या ओल्या असताना गाडी सरळ ठेवून पार करा, त्यांच्यावर ब्रेक नको.

सिग्नलला सगळ्यात मागे असाल तर पहिल्या गिअरमध्ये राहा, नजर आरशात ठेवा आणि समोरच्या गाडीच्या बरोबर मागे न थांबता तिच्या एका कोपऱ्याच्या रेषेत थांबा. मागून येणाऱ्याचा ब्रेक लागत नाहीये असं दिसलं, तर पुढे शिरायला फट हवी. मागे दोन-तीन गाड्या येऊन थांबल्या की ही धास्ती कमी होते.

चूक: ट्रकच्या क्लीनर साइडला रेंगाळणं

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे ट्रक किंवा बसच्या डाव्या अंगाला, केबिनच्या दारापासून मागे, बराच पट्टा त्याला दिसतच नाही. केबिनच्या नाकासमोरचा काही फूट भागही त्याला दिसत नाही. सिग्नलला गाड्यांच्या मधून वाट काढत येऊन ट्रकच्या बंपरला टेकून उभे राहणारे रोज दिसतात. हिरवा दिवा लागतो, ट्रक हलतो, आणि समोर कुणी आहे हे त्या ड्रायव्हरला ठाऊकही नसतं. ट्रक डावीकडे वळताना तर त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा बरीच आतून येतात. कोपऱ्यात उभ्या दुचाकीला ती चेपतात.

ओळखायची खूण सोपी आहे. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर तुम्ही त्याला दिसत नाही. मागे राहायचं तर दोन सेकंदांचं अंतर ठेवून राहा. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद म्हणजे साधारण ३३ मीटर. उजव्या चाकोरीत राहिलात तर तुम्ही त्याच्या आरशात येता आणि तुम्हालाही पुढचा रस्ता दिसतो. अगदी चिकटून गेलात तर चाकांच्या मधून निसटलेला खड्डा तुमच्या पुढच्या चाकाखाली येईपर्यंत कळत नाही.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नगर या पट्ट्यात एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेला असतो, मागे दिवा असेलच असं नाही. अशी रास दिसली की अंतर वाढवा, आणि ओव्हरटेक करताना पूर्ण पलीकडच्या लेनमधून, समोरचा रस्ता स्वच्छ दिसत असेल तरच. ट्रॉली आणि मधली रेषा यांतल्या फटीतून जाऊ नका. उसाची टोकं चेहऱ्याच्या उंचीला असतात.

चूक: घाटात मधली रेषा कापणं

ताम्हिणी, वरंध, आंबोली, कुठलाही घाट घ्या. उजवं वळण आलं की पुष्कळ जण लवकर आत झुकतात. चाकं रेषेच्या अलीकडे असतात, पण गाडी झुकल्यामुळे डोकं आणि खांदा रेषेपलीकडे गेलेला असतो. समोरून येणारी एसटी वळायला जागा घेत मधल्या रेषेवरच असते. उजव्या वळणाला लेनच्या डाव्या भागात राहा: पुढचं लांबवर दिसतं आणि समोरच्यापासून अंतरही राहतं. फक्त घाटात डाव्या कडेला दरडीची माती आणि खडी आलेली असते, म्हणून तिथेही चाकोरीच.

डाव्या वळणाला उलट. आतल्या बाजूला डोंगर किंवा झाडी आडवी येते, म्हणून उजव्या चाकोरीतून वळणात शिरलात तर जास्त दिसतं. पण समोरून येणाऱ्यासाठी ते उजवं वळण असतं आणि तो ते कापत तुमच्या बाजूला येऊ शकतो. म्हणून कुणी दिसलं, हॉर्न ऐकू आला किंवा रात्री डोंगरावर दिव्यांचा झोत दिसला की लगेच डावीकडे सरका. पुढचं दिसावं म्हणून समोरच्यापासूनचं अंतर कमी करायचं नाही, अंतर पुरेसं असेल तरच पुढचं बघायला उजवीकडे राहायचं. आणि जितकं दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग.

अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. उतरताना हे विसरलं जातं.

अडचण आलीच तर

मागचा अगदी चिकटला असेल तर वेग वाढवून पळू नका. पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा, म्हणजे तुम्हाला एकदम ब्रेक मारावा लागणार नाही; ब्रेक लाइट हलकेच दोनदा लावा, आणि सुरक्षित जागा मिळताच डाव्या चाकोरीत येऊन त्याला जाऊ द्या. त्याला धडा शिकवण्याच्या भरात आपलाच जीव पणाला लागतो.

चाक साईडपट्टीवर उतरलंच तर घाबरून लगेच हँडल उजवीकडे ओढू नका. डांबराच्या कडेला पुढचं चाक घासतं, कडेवर चढत नाही आणि गाडी आडवी होते. हँडल सरळ धरा, एक्सलेटर हळूहळू सोडा, मागचा ब्रेक हलका लावा. वेग पायी चालण्याइतका झाला, मागे कुणी नाही हे पाहिलं, की कडेवर शक्य तेवढं काटकोनात चढा.

ग्रुपनं निघालात तर पुढचा उजव्या चाकोरीत, त्यामागचा डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या, अशी रांग ठेवा. आपल्याच चाकोरीतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंद अंतर. शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवू नका, कारण खड्डा चुकवायला दोघांनाही एकच जागा लागते. घाट, अरुंद पूल किंवा खराब रस्ता आला की सगळे एकामागे एक, आणि तेव्हा प्रत्येकानं आपली चाकोरी स्वतः निवडायची. पुढच्याच्या टेललाइटकडे बघत वळण घ्यायचं नाही.