मित्राने घरी केलेली बिअर चाखताना

घोट घेण्याआधी वास घ्या. ग्लास एकतृतीयांशच भरा, हलकेच फिरवा आणि लगेच हुंगा, कारण काही गंध मिनिटभरात उडून जातात. बिअर बर्फासारखी गार असेल तर थोडी थांबा. ८ ते १२ अंश सेल्सिअसला गुण-दोष दोन्ही उघडे पडतात.

मत देताना ‘छान’ किंवा ‘बिघडली’ एवढ्यावर सोडू नका. करणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. काय जाणवलं ते नेमकं सांगा. लोण्यासारखा किंवा बटरस्कॉचचा वास बहुधा डायअॅसिटिलचा, म्हणजे आंबताना तयार होणाऱ्या एका रसायनाचा असतो. पुढच्या वेळी आंबवणं संपत आल्यावर तापमान २-३ अंशांनी वाढवून दोन दिवस ठेवायला सुचवा. हिरव्या सफरचंदाचा वास असेल तर बिअर बहुधा यीस्टवरून लवकर काढली गेली. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बाटलीत भरताना हवा लागली असावी. ‘असावी’ म्हणायचं, कारण खात्रीने निदान करणं एका घोटात जमत नाही.

आणि त्याला कोणत्या प्रकारची बिअर करायची होती, हे आधी विचाराच. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा वास दोष नव्हे, तो हवाच असतो.