जागल्याचा वाद मध्यस्थाच्या हाती देण्याआधी

सोलापुरातले आमचे मध्यस्थ बहुतेक वकील. चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेले आणि नवरा-बायको, भाऊबंदकी, बँक आणि थकबाकीदार यांत मुरलेले. त्यांच्या हाताला एक वळण पडलेलं असतं: जरा तुम्ही सोडा, जरा ते सोडतील. बांधाच्या भांडणात हे चालून जातं. पण कचेरीतल्या एखाद्याने गैरव्यवहार वर कळवला आणि मग त्याची बदली, निलंबन, गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा असं सुरू झालं, की तेच वळण घात करतं. अशा प्रकरणात दोन धागे गुंतलेले असतात. त्याने काय कळवलं हा एक, आणि कळवल्यावर त्याचं काय केलं गेलं हा दुसरा. तडजोड दुसऱ्यावर होऊ शकते. पहिला धागा त्याच्या मालकीचा नाहीच, तो सोडायचा अधिकार त्याला नाही आणि मध्यस्थाला तर मुळीच नाही. पाच-सहा मध्यस्थांवर देखरेख ठेवायचं काम माझ्याकडे आहे. प्रकरण कुणाकडे सोपवण्याआधी आणि नंतर मी काय काय तपासतो ते इथे लिहून ठेवतो, नव्याने हे काम घेणाऱ्याला उपयोगी पडेल.

आधी एक शब्दाचं. व्हिसलब्लोअरला मराठीत जागल्या म्हणतात, गावगाड्यात रात्री पहारा देणारा तो जागल्या. शब्द नेमका आहे, पण बैठकीत वापरू नका. साहेब लगेच म्हणतात, "म्हणजे आम्ही चोर का?" आणि अर्धा तास त्यातच जातो.

पहिलं काम, माणूस कुठल्या नोकरीत आहे ते पाहणं. हे मध्यस्थ विचारतच नाहीत, सगळे त्यांच्या लेखी 'सरकारी'. राज्य शासनाचा कर्मचारी असेल तर शिस्त व अपील नियम 1979 चे, बदलीला 2005 चा कायदा, आणि दाद मॅटच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठात. जिल्हा परिषदेचा असेल तर नियम 1964 चे, मॅट नाही. उच्च न्यायालयात जायचं झालं तर 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, पूर्वीसारखं मुंबई गाठायला नको. महापालिकेची तिसरीच तऱ्हा. रेल्वेच्या सोलापूर विभागातला असेल तर कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. शिवाय केंद्राच्या कर्मचाऱ्याला 21 एप्रिल 2004 च्या ठरावाखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटातून, नाव गुप्त राखून तक्रार करता येते. राज्याच्या कार्यालयातल्या गैरव्यवहाराच्या तक्रारीला तो दरवाजा नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, त्यावर 9 मे 2014 ला राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अंमलात आणलेला नाही. त्यामुळे मध्यस्थाने पहिल्याच बैठकीत "कायदा तुमच्या पाठीशी आहे" असं छातीठोक सांगू नये, ही माझी ताकीद असते. 2023 चा मध्यस्थी कायदाही सरकार पक्षकार असलं तर मुख्यतः व्यापारी वादांपुरता बोलतो, बाकीचे वाद सरकारने अधिसूचना काढून आणायचे. म्हणजे आमची मध्यस्थी दोन्ही बाजूंच्या राजीखुशीवर उभी आहे, आणि हे दोन्ही बाजूंना आधीच माहीत हवं.

दुसरं काम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: तारखांचा कागद. कोरा फुलस्केप, तीन रकाने. तक्रार कधी आणि कुणाकडे दिली. वरिष्ठाला ती केव्हा कळली. त्यानंतर काय काय घडलं. मध्यस्थाने हा कागद स्वतःच्या हाताने भरल्याशिवाय मी त्याला बैठकीची तारीख देत नाही. एका प्रकरणात पाण्याच्या टँकरच्या फेऱ्यांचा घोळ एका कारकुनाने कळवला होता. लॉगबुकात आठवड्याभराच्या फेऱ्या एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या, आणि टँकर नादुरुस्त म्हणून गॅरेजात उभा होता त्या दिवशीही चार फेऱ्या. त्याच्या तक्रारीवर बारनिशीचा, म्हणजे आवक नोंदीचा, शिक्का सोमवारचा. गुरुवारी त्याला कारणे दाखवा नोटीस: उशिरा येता. पुढच्या सोमवारी टेबल काढून घेतलं आणि खुर्ची अभिलेख कक्षात, जिथे पंखा नव्हता. एप्रिलमधलं सोलापूर ज्याने पाहिलंय त्याला या शिक्षेचं वजन सांगायला नको. कुठल्याच नियमात 'पंखा काढून घेणे' अशी शिक्षा नाही, म्हणून ती कागदावर येत नाही. म्हणून तिसऱ्या रकान्यात आदेशच नव्हे, खुर्ची, चावी, लॉगिन, व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढणं, हे सगळं लिहायचं.

अमेरिकेत संघ सरकारच्या नोकरांसाठी 1989 चा कायदा आहे. 1994 च्या सुधारणेने त्यात हीच कसोटी घातली: वरिष्ठाला तक्रार माहीत होती आणि थोड्याच काळात कारवाई झाली, तर तक्रार हे त्या कारवाईचं एक कारण मानता येतं. आपल्या 2014 च्या कायद्यातही कारवाई आकसाची नव्हती हे सिद्ध करण्याचा भार कार्यालयावर टाकलेला आहे. हा कायदा लागू नसला तरी विचार करायला ही मोजपट्टी चांगली आहे. आणि ती दोन्ही बाजूंनी चालते. खातेनिहाय चौकशी लागल्यावर दुसऱ्या दिवशी 'गैरव्यवहार' आठवणारे महाभागही भेटतात. ते याच कागदावर उघडे पडतात.

मुदती या कागदाच्या तळाशी लाल शाईत. मॅटमध्ये जायला साधारण एक वर्ष मिळतं, आणि मध्यस्थी चालू आहे म्हणून ते वर्ष थांबतं असं कुणी गृहीत धरू नये. निलंबन असेल तर नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दिलं का ते पाहायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालानंतर राज्याने 9 जुलै 2019 च्या शासन निर्णयाने ते स्वीकारलेलं आहे. बदली असेल तर तीन वर्षं पूर्ण झाली होती का, आदेश एप्रिल-मेमधला आहे का, मुदतपूर्व असेल तर लेखी कारण आणि वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता आहे का. आणि बैठकीआधी कार्यालयाकडून एवढं लेखी घ्यायचंच, की बोलणी संपेपर्यंत एकतर्फी कार्यमुक्त करणार नाही. हे न घेता बसलं तर इकडे चहा चालू आणि तिकडे माणूस कार्यमुक्त, असं होतं.

मध्यस्थ निवडताना हितसंबंध पाहायचे. सोलापुरात हे कठीण. मी कायद्याने विचारायचे प्रश्न विचारतो, आणि मग न विचारायचे पण विचारतो: सासुरवाडी कुठली, सरकारी वकिलांच्या पॅनेलवर नाव लागावं म्हणून अर्ज केलाय का, कुठल्या साखर कारखान्याचं काम बघता, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत कुणाच्या सोबत नंदीध्वजामागे चालता. पॅनेलची आशा असलेला वकील मनाने प्रामाणिक असला तरी साहेबांपुढे त्याचा आवाज खाली येतो. भाषाही बघायची. अक्कलकोटकडचा माणूस रागात कानडीत बोलतो, पूर्व भागातला तेलुगूत. मराठीतून तो जे सांगतो ते अर्जातलं असतं, खरं ते त्याच्या भाषेत येतं. ती समजणारा मध्यस्थ असेल तर त्यालाच द्या, अनुभव थोडा कमी असला तरी चालेल.

संबोधनाचं मी पूर्वी हसण्यावारी नेत असे. आता नेत नाही. एका बैठकीत मी मागे बसलो होतो. मध्यस्थ अधिकाऱ्याला 'साहेब' म्हणत होते आणि तक्रारदार आरोग्यसेविकेला 'ताई'. ताई म्हणणं प्रेमाचंच, पण ताईला समजावायचं असतं आणि साहेबांचं ऐकायचं असतं. पाऊण तास ताईंना समजावणं चाललं. तेव्हापासून नियम: दोघांनाही आडनावाला 'सर' किंवा 'मॅडम', दोघांनाही 'आपण'. पाण्याचा ग्लास आधी कुणापुढे ठेवला जातो तेही बघा. शिपायाला आधी सांगून ठेवावं लागतं.

जागा कार्यालयाच्या आवारात नको, आणि ज्या हॉटेलात सगळा महसूल दुपारी जेवतो तिथे तर नकोच. वेळ ठरवताना पंचांग उघडा. आषाढीच्या आधीचे तीन-चार आठवडे अख्खं प्रशासन पंढरपुरात असतं, तेव्हा येणारा अधिकारी शरीराने येतो. मार्चअखेर विसरा. 2023 च्या कायद्यात मध्यस्थीला 120 दिवस धरलेत, मी तेवढेच मनात धरतो आणि त्यातून वारीचे दिवस वजा करून कामाला लागतो.

समोरून कोण येणार आणि त्याला सहीचा अधिकार आहे का, हे फोनवर नाही, पत्राने विचारायचं. आस्थापनेचा लिपिक 'वरून सांगितलंय' म्हणून येतो, सगळं कबूल करतो, आणि तोंडी कबुली कोषागारात वटत नाही. बदली रद्द करणारा एक, निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरणारा दुसरा, गोपनीय अहवालातला शेरा बदलणारा तिसरा. प्रत्येक मागणीपुढे सक्षम प्राधिकाऱ्याचं पदनाम लिहून मध्यस्थाने मला दाखवायचं.

गुप्ततेबद्दल शिकवताना मी सत्येंद्र दुबेंचं नाव घेतो. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव उघड करू नका म्हणून विनवलं, पत्र नावासकट फिरलं, आणि 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. 2004 चा ठराव त्यानंतरचा. आमच्या फायलीवर म्हणून नाव नसतं, क्रमांक असतो. बोर्डावर यादी नाही, व्हॉट्सॲपवर कागद नाही, मध्यस्थाची टिपणं प्रकरण संपल्यावर फाडायची. मलाही तो नावाविना सांगतो. अर्थात सोलापुरात वर्णन केलं की नाव सांगावं लागत नाही, मग मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. जिवाला धोका आहे असं तक्रारदार म्हणाला तर मात्र गुप्ततेचा बाऊ करत बसायचं नाही. बैठक थांबवायची, त्याला पोलिसांकडे लेखी द्यायला सांगायचं आणि मला त्याच दिवशी फोन.

आता मसुदा. इथे माझ्या हातून चूक झालेली आहे. टँकरच्या त्या प्रकरणात मध्यस्थाने दोन बैठकांत मिटवलं, मी खुश झालो, करारनामा वरवर वाचला. कलम चार होतं: 'तक्रारदार आपली तक्रार मागे घेत आहे.' कारकुनाला टेबल परत मिळालं, पंखा मिळाला. तीन महिन्यांनी तो एका लग्नात भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, माझं झालं, पण ती लॉगबुकं आता सापडत नाहीत म्हणे." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी येऊन 1872 चा करार कायदा काढला. कलम 23 खाली उदाहरण दिलेलं आहे: जबरी चोरीच्या मालाची किंमत परत दे, मी खटला मागे घेतो, असा करार रद्दबातल, कारण त्याचा हेतू बेकायदा. दीडशे वर्षांपूर्वीचं साधं उदाहरण, पहिल्या वर्षाला पाठ केलेलं, आणि माझ्या नजरेखालून तेच कलम चार म्हणून गेलं होतं.

त्यामुळे आता प्रत्येक मसुद्यात मी आधी चार शब्द शोधतो: मागे, गैरसमज, भविष्यात, कोठेही. 'तक्रार गैरसमजातून केली होती', 'भविष्यात अशी तक्रार करणार नाही', 'कोठेही वाच्यता करणार नाही'. यातलं काहीही दिसलं तर कागद परत. उलट एक वाक्य हवंच, की मूळ तक्रारीची चौकशी या करारापासून स्वतंत्र आहे आणि ती चालू राहील. यावर अधिकारी बिचकतात, कधी उठूनही जातात. उठू द्या. मध्यस्थाला मी सांगून ठेवलेलं असतं, की अशी बैठक फिसकटली तर मी त्याला जाब विचारणार नाही. किती मिटवली याचा तक्ता माझ्याकडे मागितला जातो. या प्रकरणांचा रकाना मी वेगळा ठेवतो.

बाकी कलमं सोपी: काय मिळणार, कोण आदेश काढणार, किती दिवसांत. 'यथावकाश' हा शब्द खोडायचा.

सह्या झाल्यावर मध्यस्थाचं काम संपतं, माझं संपत नाही. सूड हंगामी असतो. गोपनीय अहवालाचं वर्ष 31 मार्चला संपतं, बदल्यांची यादी एप्रिल-मेमध्ये लागते. तेव्हा माझ्या वहीत दोन फोन लिहिलेले असतात, एक अहवाल दाखवला जाण्याच्या सुमाराला आणि एक यादी लागल्यावर. फोन मी स्वतः करतो, मध्यस्थाला करायला लावत नाही, आपण केलेली तडजोड मोडली हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, म्हणून तो "सगळं ठीक ना?" असं विचारतो आणि समोरचा "ठीक" म्हणतो. मी विचारतो, खुर्ची कुठे आहे, पंखा चालू आहे का, परवाच्या मीटिंगला बोलावलं का. त्या कारकुनाला मी अजून वर्षातून दोनदा हे विचारतो. गेल्या वेळी म्हणाला, खुर्ची खिडकीपाशी आहे, पंखा आहे, मीटिंगला बोलावतात. फक्त लॉगबुकं लिहायला देत नाहीत.