आक्रमक प्रजाती आणि गणित : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आक्रमक प्रजाती, म्हणजे बाहेरून येऊन झपाट्याने पसरणारे जीव, किती वाढतील आणि कुठवर जातील याचा गणिताने अंदाज बांधायचा, म्हणजेच मॉडेलिंग करायचं, तर आधी काय शिकू असं बरेच जण विचारतात. माझं म्हणणं असं की समीकरणं नंतर, आधी निर्णय कुठला घ्यायचाय ते पक्कं करा, म्हणजे किती काढायचं, किती दिवसांनी आणि सुरुवात कुठून.

जलपर्णीचंच घ्या. पाण्यात भरपूर पोषकद्रव्यं आणि ऊब असेल तर ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणजे चार आठवड्यांत चौपट. आता टीम दर चार आठवड्यांनी येऊन ७०% काढून नेतेय, पाणी मोकळं दिसतं, सगळे खूश, पण उरलेल्या ३०चे पुढच्या खेपेपर्यंत १२० झालेले असतात! ८०% काढली तर २०चे ८० होतात आणि मग कुठे ती हटायला लागते. ७५% ची ही रेषा कागद-पेनाने निघते आणि बजेट मागताना हाच आकडा हातात लागतो. जागा भरत आली की वाढ मंदावते, त्यासाठी पुढे लॉजिस्टिक मॉडेल आहेच.

पण सगळेच जीव इतके सरळ नसतात. कॅलिफोर्नियातल्या सीड्रिफ्ट लगूनमध्ये (समुद्रकाठच्या खाऱ्या तळ्यात) युरोपियन ग्रीन क्रॅब नावाचे खेकडे २००९ पासून पकडून पकडून सव्वा लाखांवरून दहा हजारांखाली आणले, आणि २०१४ मध्ये ते तीन लाखांच्या आसपास गेले. मोठे खेकडे पिल्लांना खातात, मोठेच काढल्यावर पिल्लांना रान मोकळं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सगळ्यांची मिळून एकच संख्या धरणाऱ्या साध्या मॉडेलमध्ये हे दिसणारच नाही. लहान-मोठे वेगळे धरा आणि पिल्लांचं जगणं मोठ्यांच्या संख्येला जोडा, तेव्हा कळतं की सगळे संपवण्याच्या मागे लागण्यापेक्षा थोडे मोठे राहू देणं बरं.

पसरण्याचा वेग बघायचा तर जीवांच्या पसरण्याचं गणित मांडणाऱ्या स्केलम यांचं १९५१ चं काम वाचाच. १९०५ मध्ये प्रागजवळ सोडलेले मस्करॅट (पाण्याकाठी राहणारे मोठ्या उंदरासारखे प्राणी) युरोपभर पसरत गेले, त्यात व्यापलेल्या क्षेत्राचं वर्गमूळ काळाबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढलं. याच विचाराने पुढे गेलात की मुख्य पट्ट्यापासून लांब रुजलेले छोटे ठिपके आधी का उपटायचे तेही कळतं, कारण असे सुटे ठिपके मिळून मुख्य पट्ट्यापेक्षा भराभर जागा व्यापतात.

कोडिंगला आर किंवा पायथन, काहीही चालेल, मात्र स्टॅटिस्टिक्स टाळू नका. आणि फील्डवर काम करणाऱ्यांसोबत जाऊन बसा, त्यांना एक ठिपका साफ करायला किती तास लागतात, कुठली रोपं नजरेतून सुटतात हे विचारा, कारण सर्वेत काही दिसलं नाही म्हणजे तिथे काही नाही असं धरलंत तर मॉडेल काम थांबवायला सांगेल आणि सुटलेल्या रोपांचं बी तोवर पडून गेलेलं असेल.