परदेशात राहून जर्मनीत भाड्याने देण्यासाठी घर घेताना

जर्मनीत घर घेण्यासाठी तेथील नागरिकत्व वा वास्तव्य लागत नाही. खरेदीखत मात्र नोटरीपुढेच व्हावे लागते, आणि स्वतः जाणे शक्य नसल्यास मुंबईतील जर्मन वकिलातीत सही प्रमाणित करून प्रतिनिधीला मुखत्यारपत्र देता येते. भारतातील निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते.

खरेदी कर बव्हेरियात ३.५ टक्के, तर नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात ६.५ टक्के आहे. नोटरी, भूनोंदणी आणि दलाली वेगळी.

खरी कसोटी भाडेकरूची. घर विकले गेले तरी जुना भाडेकरार नव्या मालकावर बंधनकारक राहतो, म्हणून सही करण्यापूर्वी तो करार, इमारतीतील घरमालकांच्या संघाच्या सभांची इतिवृत्ते आणि देखभालखर्चाचा हिशेब (त्यातला काही भाग भाडेकरूकडून वसूल होत नाही) जाणकाराकडून वाचून घ्यावा. बर्लिनमध्ये नव्या कराराचे भाडे, काही अपवाद वगळता, स्थानिक तुलनात्मक भाड्यापेक्षा (म्हणजे त्या भागातील तशाच घरांच्या सर्वसाधारण भाड्यापेक्षा) १० टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही. त्यामुळे विक्रेत्याने रंगवलेले ‘संभाव्य भाडे’ मी तरी हिशेबात धरणार नाही.

भाड्याच्या उत्पन्नाचे विवरणपत्र जर्मनीत भरावे लागते. खासगी मालकाने १० वर्षांनंतर घर विकल्यास तेथे नफ्यावर सहसा कर लागत नाही. भारतातील निवासी व्यक्तीने येथील कर मात्र स्वतंत्रपणे तपासावा.