संशोधनाची बातमी आली की आधी काय बघायचं

"संशोधनातून सिद्ध झालंय" असं हेडलाइनमध्ये दिसलं की लगेच फॉरवर्ड करू नका, आधी खाली जाऊन प्रयोग कुणावर झाला ते शोधा. उंदरांवर झाला असेल तर ते बऱ्याचदा शेवटी कुठंतरी एका ओळीत असतं, आणि उंदरांवर चाललेली बहुतेक औषधं माणसांपर्यंत पोचतच नाहीत, तेव्हा बातमी वाचून कुणाच्या गोळ्या बंद करू नका प्लीज.

मग टक्के बघायचे, भलेभले इथंच फसतात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम सॉसेज-बेकनसारखं प्रोसेस्ड मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. वाचून वाटतं शंभरातल्या अठरा जणांना होणार! तसं नाहीये, हे १८ टक्के मूळच्या धोक्याचे आहेत. जिथं आयुष्यभरात शंभरातल्या साधारण पाच जणांना हा कॅन्सर होतो तिथं रोज खाणाऱ्यांमध्ये तो सहाएक जणांना होईल. म्हणून "कशाचे टक्के?" हे विचारायचंच, मूळ आकडा दिला नसेल तर माझ्या लेखी ती बातमी अर्धवट.

"मुळे" हा शब्द दिसला तरी थांबा. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी २५७ पेशंटच्या मानेच्या रक्तवाहिनीतून ऑपरेशनने काढलेला चरबीचा थर तपासला, १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन नावाच्या प्लास्टिकचे कण सापडले आणि पुढच्या साधारण तीन वर्षांत या लोकांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका प्लास्टिक न सापडलेल्यांच्या साडेचार पट दिसला. आकडा घाबरवणाराच आहे, पण प्लास्टिकमुळेच झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या इतकंच. हे त्या रिसर्च पेपरमध्येच लिहिलंय, म्हणून जमलं तर मूळ पेपरमधला लिमिटेशन्सचा भाग वाचा, कळायला तसा सोपा असतो.

प्राण्यांच्या बातम्यांत नमुना किती, म्हणजे किती प्राण्यांवर प्रयोग झाला, ते बघा. २०१९ मध्ये क्लीनर रास नावाच्या छोट्या माशांच्या गळ्यावर तपकिरी ठिपका लावला, आरशात तो बघून मासे गळा तळावर घासायला लागले, म्हणजे स्वतःला ओळखतात म्हणे. पण मासे होते चार, घासलं तिघांनी! टीका झाली, मग २०२२ मध्ये त्याच टीमने आणखी १४ मासे घेतले आणि ते सगळे पास झाले, म्हणजे आधीचे चार धरून १८ पैकी १७. आता दुसऱ्या लॅबमध्येही असंच दिसतंय का, ते शोधा.