मोइसनाइट की हिरा? डोळ्यांनी पारखताना या चुका टाळा

कापसाचा चुकारा हाती आला आणि घरात लग्न ठरलेलं असलं, की तालुक्याच्या गावी सराफाकडे चक्कर होतेच. पूर्वी ही खरेदी पोत, डोरलं, कानातले यांवर संपायची. आता नवरीसाठी हिऱ्याची चमकी किंवा नवरदेवासाठी खड्याची अंगठी घ्यायची पद्धत खेड्यांतही आली आहे. त्या निमित्ताने काउंटरवर ‘मोझोनाइट’ हा शब्द कानावर पडतो. हा मोझोनाइट म्हणजेच मोइसनाइट, हिऱ्यासारखा दिसणारा पण हिरा नसलेला, प्रयोगशाळेत वाढवलेला खडा.

आधी त्याच्या बाजूने बोलतो. मोइसनाइट चांगला खडा आहे. मोह्सच्या कठीणपणाच्या मापात हिरा १०, तर हा सव्वानऊ. शेतात राबणाऱ्या हातातही तो वर्षानुवर्षं टिकतो आणि किंमत हिऱ्याच्या कितीतरी खाली असते. कुणी तो मोइसनाइट म्हणून घेत असेल तर खुशाल घ्यावा. माझा जीव तुटतो तो हिरा म्हणून पैसे मोजून हाच खडा घरी नेणाऱ्यांसाठी. पाच-सात वर्षांनी अडचणीत मोड करायला गेल्यावर त्यांना खरं कळतं, तेव्हा भांडायला हातात कागदही नसतो.

खाली डोळ्यांनी आणि भिंगाने पारख करताना होणाऱ्या चुका सांगितल्या आहेत. वाचताना एक गोष्ट पक्की धरा. डोळा ‘हा हिरा नाही’ एवढं खात्रीने सांगू शकतो. ‘हा हिराच आहे’ असं सांगणं त्याच्या आवाक्यात नाही. बहुतेक फसवणूक या दोन वाक्यांची गल्लत झाल्यामुळेच होते.

जास्त चमकतो तो हिरा, असं समजणं

"पाहा न मावशी, कसा चमकून रायला! हिरा असल्याबिगर येते का एवढी चमक?" हे वाक्य दुकानात ऐकलं की सावध व्हा. इथे गणित उलटं आहे. प्रकाशाची रंगांत फोड करण्याची ताकद हिऱ्यात ०.०४४ आणि मोइसनाइटमध्ये ०.१०४, म्हणजे दुपटीहून जास्त. प्रकाश वाकवण्यातही मोइसनाइट पुढे: हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, मोइसनाइटचा २.६५ ते २.६९. म्हणून खडा हलवला की मोइसनाइटमधून लाल, हिरवे, निळे, नारिंगी तुकडे भसाभस उडतात. हिऱ्यातही रंग दिसतात, पण त्यांच्याबरोबर पांढरा लखलखाट आणि काळ्या-करड्या सावल्यांची उघडझापही दिसते.

दुकानातले छोटे एलईडी दिवे हे रंग आणखी खुलवतात. तिथे कुठलाही खडा देखणाच दिसतो. खडा घेऊन दाराशी या, उन्हात मात्र जाऊ नका. ओसरीतला, झाडाखालचा किंवा ढगाळ दिवसाचा पसरलेला उजेड सगळ्यात चांगला. शक्य असेल तर खात्रीचा, साधारण तेवढ्याच आकाराचा हिरा शेजारी ठेवून बघा. एकटा खडा पाहून ‘रंग जास्त आहेत’ हे ठरवायला रोज खडे हाताळणारी नजर लागते.

पाहण्याआधी खडा धुवा. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि लहान मुलांचा मऊ ब्रश एवढं पुरे. हिऱ्याला तेल-तूप फार लवकर चिकटतं. स्वयंपाकघरात रोज वावरणाऱ्या बाईची अंगठी मळलेली असते, आणि मळलेला अस्सल हिरा स्वच्छ मोइसनाइटपुढे फिका पडतो. कित्येकींनी आपला खरा हिरा ‘नकली निघाला’ म्हणून मनातून उतरवला आहे, तो एवढ्याच कारणाने.

आणखी एक मर्यादा आहे. नाकातल्या चमकीचा खडा दोन-तीन सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग), म्हणजे जेमतेम पावणेदोन-दोन मिलिमीटरचा असतो. एवढ्या लहान खड्यात रंगांचा फरक नुसत्या डोळ्याला कळणं जवळजवळ अशक्य आहे. तिथे अंदाज करूच नका.

घरगुती चाचण्या

यांच्यावर वेळ घालवत नाही, कारण मोइसनाइटपुढे त्या सगळ्या पडतात. खड्यावर फुंकर मारून वाफ किती लवकर उडते ते पाहणं: मोइसनाइट उष्णता झपाट्याने पसरवतो, त्यामुळे दोन्ही खड्यांवरची वाफ लगेच उडते. वर्तमानपत्रावर खडा पालथा ठेवून अक्षरं दिसतात का ते पाहणं: हिऱ्यातून दिसत नाहीत, तशी मोइसनाइटमधूनही दिसत नाहीत. पाण्यात टाकणं: दोन्ही बुडतात, काचही बुडते. काचेवर ओरखडा काढणं: नदीकाठची साधी गारगोटीही काचेवर ओरखडा काढते.

काळ्या पॉलिश पेपरवर घासून पाहणं हा प्रकार तर अजबच आहे. तो काळा कागद आणि विळे-कुऱ्हाडी पाजवायची कार्बोरंडमची चाकं सिलिकॉन कार्बाइडची असतात, आणि मोइसनाइटही सिलिकॉन कार्बाइडच. त्या कागदाने मोइसनाइटचं फारसं काही बिघडेलच असं नाही. अंगठीच्या सोन्याचं मात्र बिघडेल.

हातोडीची चाचणी कृपा करून कुणीही करू नका. ‘हिरा घणाखाली फुटत नाही’ हा समज साफ खोटा आहे. हिऱ्यावर ओरखडा पडणं अवघड, पण ठरावीक दिशांनी तो सहज चिरतो. या परीक्षेत खऱ्या हिऱ्याचंही नुकसान होतं.

भिंगातून सरळ वरून पाहणं

आता मुद्द्याची गोष्ट. मोइसनाइट ओळखायची सगळ्यात भरवशाची डोळ्यांची खूण म्हणजे दुहेरी रेषा. हिऱ्यात शिरलेला प्रकाश एकाच वाटेने जातो. मोइसनाइटमध्ये तो दोन वाटांनी फुटतो, म्हणून खड्याच्या पाठीमागच्या पैलूंच्या कडा पुढून पाहिल्यावर दोन-दोन दिसतात. छपाई सरकलेल्या लग्नपत्रिकेत प्रत्येक अक्षराला शेजारी दुसरी कड दिसते, अगदी तसं.

पण मोइसनाइटमध्ये एक दिशा अशी असते, जिच्यातून पाहिलं तर प्रकाश फुटत नाही. खडा कापणारे कारागीर मुद्दाम ती दिशा खड्याच्या सपाट माथ्याच्या बरोबर समोर ठेवतात, म्हणजे वरून पाहताना खडा धूसर दिसू नये. सरळ वरून भिंग लावणाऱ्याला म्हणूनच काहीच दिसत नाही, आणि तो ‘रेषा एकेरी आहेत, हिरा आहे’ असं सांगून मोकळा होतो. भिंग वापरणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती सोनाराच्या पेढीवर बसणारेही करतात.

बरोबर पद्धत अशी. भिंग दहा पटीचं घ्या. टपाल तिकिटं पाहायचं मोठं भिंग चालत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि खडा भिंगापासून इंचभर अंतरावर आणा. दोन्ही हात एकमेकांना टेकवा, म्हणजे थरथर थांबते. खडा तिरका करा आणि माथ्याच्या बाजूच्या उतरत्या पैलूतून आत, पलीकडच्या तळाच्या पैलूंच्या कडांकडे पाहा. नजर खड्याच्या पृष्ठभागावर अडकू देऊ नका, ती आत तळाशी न्या. मग खडा हळूहळू फिरवत दोन-चार बाजूंनी पाहा, कारण एका बाजूने न दिसलेली जोडरेषा दुसऱ्या बाजूने दिसू शकते.

आतली प्रतिबिंबं आणि जोडरेषा यांची गल्लत होते, तिकडेही लक्ष द्या. जोडरेषेत दोन कडा अगदी लगत, समांतर असतात आणि खडा हलवला तरी जोडीनेच सरकतात. प्रतिबिंबं वेगवेगळ्या ठिकाणी उमटतात आणि झर्रकन उलट्या दिशेनेही जातात.

नजर तयार करायची असेल तर आपल्याकडे सोय आहे. विदर्भाच्या बऱ्याच भागात काळा पाषाण आहे आणि त्याच्या पोकळ्यांत कधीकधी कॅल्साइटचे स्फटिक मिळतात. विहीर खोदताना निघालेला असा स्वच्छ, आरपार दिसणारा तुकडा छापील ओळीवर ठेवा, अक्षरं दोन-दोन दिसतील. कॅल्साइटमधला हा परिणाम मोइसनाइटपेक्षा कितीतरी मोठा असतो. पण ‘दुहेरी’ म्हणजे नेमकं काय, हे एकदा असं पाहिलं की डोळा विसरत नाही.

जोडरेषा दिसली नाही म्हणून हिरा ठरवणं

जोडरेषा दिसली तर तो हिरा नाही, हा निकाल पक्का. दिसली नाही तर? अमेरिकन डायमंड, ज्याला दुकानदार सीझेड किंवा एडी म्हणतात, त्यातही रेषा एकेरीच असतात. काचेतही एकेरीच. म्हणजे जोडरेषा नसणं एवढंच सांगतं की खडा मोइसनाइट नसावा.

जुन्या दागिन्यांत हा गोंधळ उलट बाजूने होतो. दागिन्यांत वापरण्याजोगा मोइसनाइट बाजारात आला तो १९९८मध्ये. आजीच्या कुड्यांतला खडा त्याआधीचा असेल आणि नंतर कधी बदललेला नसेल, तर तो मोइसनाइट असूच शकत नाही. त्यात जोडरेषा दिसलीच तर झिरकॉनचा संशय घ्या. तो नैसर्गिक खडा आहे, सीझेडपेक्षा वेगळा, आणि त्यात जोडरेषा चांगल्या ठळक दिसतात. जुना दागिना म्हणजे अस्सल हिरा, हाही हट्ट नको. गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद अकबराच्या काळच्या ग्रंथात आहे, त्यामुळे आपल्या भागात जुन्या हिऱ्यांच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्या गोष्टी खऱ्या असोत, तरी कुड्यांतल्या खड्याची पारख वेगळीच करावी लागते.

गोष्टींवरून आठवलं, ‘हा आकाशातून पडलेला खडा आहे’ असंही मोइसनाइटबद्दल सांगतात. आंरी म्वासाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९३मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उल्काविवराजवळच्या नमुन्यांत हे खनिज सापडलं, एवढं खरं. लोणार जवळ असल्याने आपल्या लोकांना ही कथा लगेच पटते. पण निसर्गात मोइसनाइट बारीक कणांच्या रूपात, तोही क्वचित मिळतो. दागिन्यातला मोइसनाइट प्रयोगशाळेतच वाढवलेला असतो. उल्केच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका.

भिंगात दिसणाऱ्या बाकीच्या खुणा सोबतीला घ्याव्यात, त्यांच्यावर एकट्यांवर निकाल देऊ नये. मोइसनाइटच्या आत कधीकधी केसासारख्या बारीक, समांतर सुया दिसतात. हिऱ्यात बहुधा ठिपके, स्फटिक किंवा पिसासारख्या चिरा असतात. हिऱ्याच्या पैलूंच्या कडा धारदार, मोइसनाइटच्या किंचित गोलसर. जुन्या मोइसनाइटमध्ये हिरवट-पिवळट झाक असायची. आताचा माल अगदी पांढरा निघतो, म्हणून रंगावर विसंबू नका.

पेन टेस्टरच्या आवाजावर भरवसा

सराफ पेनासारखं यंत्र खड्याला टेकवतो, ते वाजतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. अशी साधी यंत्रं खड्यातून उष्णता किती वेगाने जाते तेवढंच मोजतात. सीझेडवर ती गप्प राहतात, मोइसनाइटवर मात्र हिऱ्यासारखीच वाजतात. मोइसनाइट वेगळा काढायला विजेचं वहनही तपासणारं यंत्र लागतं. टेस्टर वाजला की नम्रपणे एवढंच विचारा, "भाऊ, हे मशीन मोझोनाइट वेगळा दाखवते का?" उत्तर टाळलं गेलं तर त्या आवाजाची किंमत शून्य धरा.

आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, बाजारातला ‘सीव्हीडी’? तो रासायनिकदृष्ट्या हिराच असतो. तो नैसर्गिक हिऱ्यापासून भिंगानेही वेगळा काढता येत नाही, साध्या पेनानेही नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी.

हॉलमार्क पाहून खड्याची खात्री मानणं

बीआयएसची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सोन्याबद्दल बोलतात. ७५० लिहिलेल्या अंगठीत मोइसनाइट असू शकतो आणि तरीही हॉलमार्क शंभर टक्के खरा असतो. बीआयएस केअर ॲपवर क्रमांक जुळला म्हणून खडा हिरा ठरत नाही.

प्रमाणपत्राच्या कार्डाचंही तेच. मोइसनाइटबरोबरही गुळगुळीत कार्ड मिळतं आणि खड्याच्या कमरेवर, म्हणजे मधल्या रुंद कडेवर, लेझरने कोरलेला क्रमांकही असतो. कार्ड असणं पुरेसं नाही, त्यावर खड्याचं नाव काय लिहिलंय ते वाचा. इंग्रजी कळत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या भाच्या-पुतणीला सोबत न्या. जीआयए किंवा आयजीआय या रत्नं तपासणाऱ्या संस्थांचा अहवाल असेल तर त्याचा क्रमांक त्याच संस्थेच्या संकेतस्थळावर दुकानातच, पैसे देण्याआधी टाकून पाहा.

वजनातही फसगत होते. साडेसहा मिलिमीटरचा गोल हिरा साधारण १ कॅरेट, म्हणजे २०० मिलिग्रॅम भरतो. तेवढाच मोइसनाइट हलका असल्यामुळे ०.८८ कॅरेटच्या आसपास भरतो, आणि सीझेड दीड कॅरेटच्याही पुढे जातो. खडा सुटा असेल तर बारीक काट्यावर ही तपासणी फार उपयोगी पडते. मोइसनाइटच्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘१ कॅरेट’ म्हणून तेवढ्या आकाराच्या हिऱ्याचं वजन लिहितात, तेही लक्षात असू द्या.

बिलावर नुसतं ‘स्टोन’ किंवा ‘डायमंड’ लिहून घेऊ नका. ‘नैसर्गिक हिरा’, वजन, नग आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, एवढं पक्क्या बिलावर हवं. "डोयानं दिसते ना, कागद काहून पायजे?" असं कुणी म्हटलं, तर शांतपणे दुसरं दुकान पाहा.

घरचा जुना दागिना तपासायचा असेल तर बंद कोंदण मोठी अडचण असते. मागून सोन्याने झाकलेल्या खड्यात तळाच्या कडा दिसत नाहीत आणि सुटं वजनही करता येत नाही. अशा वेळी खडा सुईने उचकटून काढू नका. नागपूर किंवा अमरावतीसारख्या मोठ्या गावी रत्नपरीक्षेची सोय शोधा, आणि आधी फोनवर विचारा की बसवलेला खडा तपासता का. कोंदण उघडावंच लागणार असेल तर आधी दागिन्याचं वजन करा, खड्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पावतीवर नग लिहून घ्या आणि काम होईपर्यंत समोर बसून राहा.