इंटरकॉमला वॉकी जोडताय? या चुका टाळा

मैदानावरचं महानाट्य घ्या. लाइट, साउंड आणि स्टेज मॅनेजर वायरच्या इंटरकॉमवर असतात. घोडेवाले, गेटवरची पोरं आणि जनरेटरवाला वॉकीवर. दोघांच्या मध्ये इंटरफेस, म्हणजे इकडचा आवाज तिकडे देणारा बॉक्स, बसवतात. रिहर्सलला तो गुण्यागोविंदाने चालतो आणि शोला घोटाळा करतो. बॉक्स क्वचितच बिघडलेला असतो. वायरवर सगळे एकदम बोलू-ऐकू शकतात, वॉकीवर एका वेळी एकच. मग बेस वॉकीचं (इंटरफेसला जोडलेल्या वॉकीचं) बटण कधी दाबलं जायचं आणि ते कोणी ठरवायचं, हेच कोणी ठरवलेलं नसतं.

सगळ्यात महागात पडतं ते हे काम व्हॉक्सवर सोडणं. आवाज आला की वॉकी आपोआप ट्रान्समिटला जातो, म्हणून सोपं वाटतं. पण ढोल-ताशाजवळ एका बेल्टपॅकचा (कमरेला लावायच्या इंटरकॉम सेटचा) माइक चालू राहिला की वॉकी ट्रान्समिटलाच अडकतो आणि गेटवाला ओरडला तरी ऐकू येत नाही. शिवाय व्हॉक्स उघडायला क्षणभर लागतो, तेवढ्यात सुरुवातीचा आवाज गिळला जातो. ‘नका सोडू’मधलं ‘नका’ गेलं की घोडेवाल्याला ‘सोडू’ एवढंच ऐकू येतं! इंटरफेसला रिले (सिग्नलने चालणारा स्विच) असेल तर पीटीटी, म्हणजे वॉकीचं बोलायचं बटण, स्टेज मॅनेजरच्या कॉल बटणावर किंवा वेगळ्या स्विचवर घ्या. व्हॉक्सशिवाय इलाजच नसेल तर आधी हाक मारा, मग हुकूम द्या.

गेटवाल्याचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येतंय? मग नल बघा, म्हणजे आलेला आवाज परत जाऊ नये म्हणून इंटरफेसवर करायची जुळणी. वॉकीतून लाइनवर आलेला आवाज परत ट्रान्समिटच्या वाटेने जातो, व्हॉक्स उघडतो, रिसीव्ह तुटतं, आवाज थांबला की पुन्हा सुरू होतं. नल करताना सगळी केबल आणि सगळे बेल्टपॅक जोडलेले हवेत, माइक मात्र सगळे बंद. नंतर कोणी केबलचा आणखी एक ड्रम जोडला तर नल पुन्हा करायचा. हे आमच्याकडे हटकून विसरतात. एकाच लाइनवर दोन मेन स्टेशन (लाइनला पॉवर देणारी युनिट) टर्मिनेट केली, म्हणजे दोघांचाही 200 ओहमचा रोध लाइनवर ठेवला, तरी हाच त्रास. 200 ओहमचे 100 होतात, आवाज पडतो आणि नलही बिघडतो.

प्लग बसला म्हणजे वायरिंग जुळलं, असं नाही. क्लिअर-कॉम ब्रँडच्या इंटरकॉम लाइनवर पिन 2 वर साधारण 30 व्होल्ट डीसी आणि पिन 3 वर ऑडिओ असतो; आरटीएस ब्रँडच्या दोन चॅनेलवाल्या लाइनवर पिन 2 वरच पॉवर आणि पहिल्या चॅनेलचा ऑडिओ एकत्र. ती लाइन थेट वॉकीच्या माइक इनपुटला दिलीत तर वॉकी गेलाच समजा. केनवुड आणि मोटोरोलाच्या दोन पिनवाल्या प्लगचं वायरिंगही वेगवेगळं असतं, केबल मॉडेल बघूनच मागवा.

सतत हम (घुमणारी गुणगुण) येत असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. फक्त ट्रान्समिट करताना गुरगुर होत असेल तर तो हम नव्हे. अँटेना मेन स्टेशनला चिकटलेली असते. बेस वॉकी चार-पाच मीटर लांब न्या, पॉवर लो करा.

डिजिटल वॉकीवर आवाज थोडा उशिरा पोचतो, हेही धरून चला. ज्या क्यूला (ठरलेल्या इशाऱ्याला) घोडे आणि लाइट एकदम हवेत, तिथे दोघांना एकाच ‘गो’वर ठेवू नका. घोडेवाल्याला ‘गो’ आधी द्या, आणि किती आधी ते रिहर्सलला त्याच सेटवर ऐकून ठरवा.